हसायला हरकत नाही

रेवती शेटेनं चहाचं आधण ठेवलं आणि तिच्या कानामागची टिकली किणकिणली. मोबाइलवर सरकारी निरोप होता: 'अभिनंदन! सोनगिरी रोपवे दुर्घटना आजपासून विनोदासाठी खुली.'

अभिनंदन म्हणे! तिनं गॅस बंद केला.

ही टिकली म्हणजे शोकमापक. नाडी, झोप, आवाजातला कंप टिपून माणसाचं दुःख किती उरलंय ते ती आकड्यात सांगायची. मृतांच्या नातेवाइकांची सरासरी ठरलेल्या रेषेखाली गेली, की त्या मृतांवर विनोद करायला कायद्याची आडकाठी नसे. हा कायदा व्हावा म्हणून रेवतीच मोर्चे घेऊन हिंडली होती. दोर तुटून पाळणा कोसळला, तिचा नवरा संदेश गेला, आणि चिता विझायच्या आत लोकांनी चुटके फिरवले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं!

मग सरासरी उतरली कशी? उत्तर तिला लगेच सुचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षश्राद्धाला सगळ्या घरांची माणसं तिच्याकडे जमली होती. संदेशला उंचीची भारी भीती. डोळे गच्च मिटून, देवाचं नाव घेत तो पाळण्यात कसा शिरला, त्याची त्याच्या भावानं नक्कल केली. सगळे पोट धरून हसले, कितीतरी दिवसांनी. टिकल्यांनी ते हसू टिपलं आणि शोक संपल्याचं कळवून टाकलं. हसणाऱ्यांचे डोळे भरले होते, ते कोण मोजणार?

संध्याकाळी विनोदवीर निनाद पेंडसेचा खास प्रयोग होता. तो सुरू व्हायच्या आधी रेवती रंगपटात जाऊन धडकली. निनादनं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आपण परवानगीची वाट बघत थांबलो होतो, कायदा मोडलेला नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ते खरंही होतं. प्रयोगातला निम्मा भाग भित्र्या संदेशवर होता.

"दोर गंजलेला होता," रेवती म्हणाली. "त्याच्यावर काय लिहिलंयस?"

निनादनं मान खाली घातली. "ताई, ते जमत नाही. रोपवेच्या मालकांनीही पीडित म्हणून टिकली लावून घेतलीय. जिवंत माणसावर बोलायचं तर त्याचा स्वतःचा आकडा उतरावा लागतो. त्यांचा तुमच्या दुप्पट आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! खटल्याच्या धास्तीनं मालकाची झोप उडाली होती, आणि शोकमापक त्या धास्तीलाच दुःख समजत होता. तिकडे त्याच डोंगरावरच्या देवळाकडे नेणारा त्याचा नवा रोपवे तयार होत होता. त्यात माणसं बसणार होती, पोराबाळांसकट.

रेवतीला रडू आलं नाही, संताप आला. मृतांच्या नातेवाइकांनी कुणावरही, कधीही बोलावं, एवढी सूट कायद्यात होती. ती तिनंच भांडून मिळवली होती. पहिली दहा मिनिटं माझी, असं तिनं निनादला बजावलं. त्यानं माइक तिच्या हातात दिला.

सभागृह हसायच्या तयारीनंच आलं होतं. नवरा डोळे मिटून पाळण्यात कसा शिरला, हे तिनं करून दाखवलं. लोक खदखदून हसले. तिनं त्यांना हसू दिलं.

"दोर गंजलाय हे मालकाला ठाऊक होतं," ती मग म्हणाली. "म्हणून तो देवाला पायऱ्या चढून जायचा आणि आम्हाला तिकिटं विकायचा. आता तुम्हीच सांगा, भित्रा कोण?"