होडीतले सात देव

दार उघडलं, वारा आत घुसला, आणि वाऱ्यामागून छत्री उलटी झालेली एक मुलगी. चंद्रहास भिंतीवर चित्रं टांगत होता. आठवडाभर तो नावन या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि दर शनिवारी क्लोनडॉकिनच्या या हॉलमध्ये लाकडी ठशांनी चित्रं छापायला शिकवायचा.

"पाऊस थांबेपर्यंत उभी राहिले तर चालेल?" तिने इंग्रजीत विचारलं. मग भिंतीकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "अगं बाई... सरस्वती इथे काय करतेय?"

"सहा पुरुषांबरोबर होडीतून फिरतेय," चंद्रहास मराठीत म्हणाला.

ती गर्रकन वळली, आणि दोघंही हसले.

तिचं नाव रोहिणी. सँट्रीला एका कंपनीत नोकरी. चित्र चंद्रहासनेच जुन्या जपानी चित्रावरून कोरलं होतं. एका होडीत सात देव दाटीवाटीने बसलेले.

"जपानला गेली आणि बेन्झाइतेन झाली," त्याने सांगितलं. "वीणेच्या जागी तिथलं वाद्य आलं. आणि तांदळाच्या पोत्यांवर बसलेला हा जाड्या म्हणजे आपला महाकाल."

"महाकाल? इतका हसरा?"

"चीनमार्गे गेला ना. एवढ्या लांबच्या प्रवासात राग कुठवर टिकणार?"

शेजारच्या चित्रात तोच महाकाल शिडीवर चढून दुसऱ्या एका देवाच्या, दुधीभोपळ्यासारख्या लांब डोक्याची हजामत करत होता. रोहिणीने तोंडावर हात ठेवला. "देवांची अशी थट्टा चालते त्यांना?"

"आपण नाही गणपतीच्या हातात बॅट देत? आणि वर त्याच्या पायाही पडतो."

पाऊस थांबला तरी ती निघाली नाही. अर्ध्या तासात दोघं अरे-तुरेवर आले. रॉटरडॅमहून नोकरीचं बोलावणं आलंय, शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचंय, असं ती म्हणाली. "रात्री एक ठरवते, सकाळी दुसरंच वाटतं."

चंद्रहासने रुबाबात होडीचं चित्र काढून तिच्या हातात दिलं. "उशीखाली ठेव. जपानी लोक नव्या वर्षाच्या सुरुवातीला ठेवतात. जसं स्वप्न पडेल तसं वर्ष."

"आणि वाईट पडलं तर?"

"चित्र नदीत सोडायचं. लिफी आहेच."

"बरं. मग स्वप्नालाच विचारते," ती म्हणाली. जाताना तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

ती गेली आणि चंद्रहासचं काही खरं राहिलं नाही. द्यायचं तर होडीचंच चित्र द्यायचं होतं? होडीत बसलेले देव तिला इथेच राहा म्हणून कशाला सांगतील? सोमवारी त्याने मेसेज केला, "स्वप्न?" उत्तर आलं, "अजून नाही." मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी त्याने एका म्हाताऱ्या आयरिश बाईंना एक्स-रेसाठी श्वास रोखायला सांगितलं आणि सोडायला सांगायचं विसरला. शेवटी त्याच घुसमटत म्हणाल्या, "मी तशी ग्रँड आहे रे, अगदी मजेत, पण सोडू का आता?"

शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून त्याने बस धरली. सँट्रीला तिच्या ऑफिसखाली पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. फोन केल्यावर ती कोटाविनाच खाली आली.

"तू? इथे?"

"स्वप्न पडलं का?"

तिने ओठ चावला. "रागावणार नसशील तर सांगते. चित्र मी उशीखाली ठेवलंच नाही."

"म्हणजे?"

"सरस्वतीवर डोकं ठेवून झोपू? आईला कळलं तर इथवर येऊन ओरडेल. किचनच्या कपाटात माझे देव आहेत, कपबशांच्या वरच्या फळीवर. तिथे ठेवलं. आणि... कुंकू लावलं."

"चित्राला?"

"आधी तिलाच लावलं. मग वाटलं, बाकीच्या सहांना काय वाटेल."

ते चित्र कोरायला त्याला तीन महिने लागले होते. पण कपबशांच्या वर कुंकू लावून बसलेला जाड्या महाकाल डोळ्यांसमोर आला, आणि तो भर रस्त्यात पोट धरून हसला. हसू ओसरल्यावर त्याने डोळे पुसले.

"रोहिणी, तू कुठे जावंस हे मी नाही सांगू शकत. पण तू गेलीस तर... मला फार जड जाईल. हे शनिवारीच म्हणायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून देवांना पुढे केलं."

वाऱ्याने केस तोंडावर येत होते, ते तिने बाजूलाही केले नाहीत.

"मी सकाळी दहालाच 'नाही' म्हणून कळवलंय," ती म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज स्वप्नाची चौकशी करत होतास. माझी केलीस एकदा तरी?"

"पण... नकार का दिलास?"

"रोज सकाळी त्या फळीपुढे उभी राहायचे. रॉटरडॅम मिळू दे, असं एकदाही तोंडून निघालं नाही. तेव्हा कळलं, मला जायचंच नाहीये. फुकट फुशारू नकोस, तुझ्यासाठी नाही थांबले."

"नाही... बरोबर आहे."

"साडेपाचला सुटते मी. थांबशील?"

"थांबतो की."

ती काचेच्या दारातून आत गेली. लिफ्टपाशी पोचली, आणि तिथून तशीच परत आली. दार जेमतेम वीतभर उघडून म्हणाली,

"थोडीशी... तुझ्यासाठीही."

आणि पळाली.