मावशी बसली की गाडी तापते!

"उतरा! आधी सगळे खाली उतरा!" काका ओरडले, आणि बॉनेटच्या फटीतून पांढऱ्या वाफेचा लोट भसकन वर आला.

भिंगरीनं धाकट्या भावाला, ढब्बूला, दंडाला धरून बाहेर ओढलं. पलीकडच्या दारानं वकीलनं उडी मारली. हा काही खराखुरा वकील नव्हे हं! मावशीच्या शेजारी राहणारा आठवीतला मुलगा. पण 'सूर्य उगवला' म्हटलं तरी 'पुरावा काय?' विचारणार, म्हणून हे नाव. मावशी मात्र पोटावर हात ठेवून सावकाश उतरली. तिला नववा महिना लागला होता.

चढावर चिटपाखरूही नव्हतं. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये फुसफुसणारी गाडी.

"ही तिसरी वेळ," मावशी हळूच म्हणाली. "मी बसले की ही तापते. तुम्ही एकटे जाता तेव्हा तापली का हो? एकदा तरी?"

काकांनी पाण्याचा कॅन काढायला डिकी उघडली. भिंगरीला ठाऊक होतं, मावशी म्हणत होती ते खरं होतं! सुट्टीत इथे आल्यापासून तिनं स्वतः पाहिलं होतं. आणि हॉस्पिटल नेमकं डोंगरापलीकडे! बाळ पायाळू होतं. 'घरी बाळंतपणाचा विचारसुद्धा करू नका, दोघांच्या जिवाला धोका आहे,' असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. तिकडे जायला रस्ता हा एकच.

इंजिन निवल्यावर पाणी भरून गाडी कशीबशी उतारानं मिस्त्रीच्या गॅरेजात आली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि स्वतः आत बसून काचा लावून घेतल्या. एसी फुल्ल! कानाला फोन! भिंगरी बाहेर उन्हात उभी राहून रेडिएटरच्या मागचा पंखा बघत होती. तो गरगर फिरत होता.

बऱ्याच वेळानं मिस्त्री आळस देत उतरला. "तापमानाचा काटा निम्म्याच्या वर जात नाही साहेब. पंखा तर बघताच आहात! रेडिएटर मागच्या महिन्यात मीच नवा घातलाय. गाडी एकदम ठणठणीत!" मग तो डोळे मिचकावून म्हणाला, "वहिनींना तेवढं बसवू नका, म्हणजे झालं!"

काका ओशाळं हसले. बाकावर बसलेल्या मावशीनं ते ऐकलं होतं. तिचा चेहरा पार उतरला. भिंगरीला मिस्त्रीचा असा राग आला की त्याचा पाना उचलून नाल्यात भिरकावावा!

घरी आल्यावर मावशीनं जाहीर करून टाकलं, "मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. माझ्या पायगुणानं बाळाला काही झालं तर?" आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज येत राहिला.

जिन्यावर तिघांची बैठक बसली.

"पायगुण बियगुण सब झूट!" वकील म्हणाला. "पुरावा काय? मावशी बसली की नेमकं काय बदलतं, ते शोधायला हवं."

"वजन?" भिंगरीनं विचारलं.

"मग ढब्बू बसल्यावर गाडी पेटायलाच हवी!"

"ए! मी काय बसतो हौसेनं?" ढब्बू चिडला. "मावशी असली की नुसता घामाघूम होतो मी. एसीच्या वासानं तिला मळमळतं, म्हणून काका तो बंद ठेवतात. ती नसली की कसं गारेगार!"

भिंगरी ताडकन उठली. "ढब्बू! पुन्हा बोल!"

"गारेगार?"

"अरे, मिस्त्रीसुद्धा एसी लावून बसला होता! त्यानं एसी लावला आणि लगेच पंखा फिरला. मी समोरच उभी होते! म्हणजे एसी लावला की पंखा चालतो. आणि बंद असला की..."

"...इंजिन कितीही तापलं तरी चालत नसेल!" वकीलचे डोळे चमकले. "दोष मावशीत नाही, वायरीत कुठेतरी आहे!"

तिघंही धावत काकांकडे गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि हातच झटकला. "एसीनं इंजिनावर उलट भार पडतो. गाडी तापली की पहिल्यांदा एसी बंद करायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. जा, खेळा!"

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ काळवंडून आलं. वारा पडला. आणि मावशीच्या खोलीतून किंकाळी आली.

हॉस्पिटलची गाडी डोंगर ओलांडून येणार आणि पुन्हा ओलांडून जाणार! तेवढा वेळ कुणाकडे होता? 'नको, नको' म्हणणाऱ्या मावशीला काकांनी मागच्या सीटवर निजवलं. तिचा हात धरायला भिंगरी बसली. दोन्ही मुलगे फाटकात उभे राहिले. ढब्बू रडत होता आणि वकीलनं पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही.

चढ सुरू झाला. काचा उघड्या, एसी बंद. भिंगरीची नजर काट्यावरून हलेना. निम्म्यावर होता. निम्म्याच्या वर गेला. वळणावळणाला तो लाल पट्टीकडे सरकत होता. समोरून पंख्याचा आवाज नाही. नुसती मावशीच्या कण्हण्याची साथ.

"काका, एसी लावा!"

"गप्प बस! इथं बंद पडली तर सगळं संपेल!"

"काका, पंखा फिरत नाहीये! ऐका ना, आवाजच नाही! तुमच्या पाया पडते, लावा!"

काकांचा हात बटणापाशी जाऊन मागे आला. काटा लाल पट्टीला टेकला. जळक्या रबराचा वास आला. आता वाफ येणार! तेवढ्यात मावशी दात ओठ खात अर्धवट उठली.

"लावा तो एसी! मी ओकेन, नाहीतर मरेन! पण पोरीचं ऐका!"

काकांनी बटण दाबलं.

खट्! घर्रर्रर्र!

गाडीच्या नाकाडात काहीतरी जागं झालं. काटा थबकला. मग तो अगदी नाइलाजानं खाली यायला लागला. मावशीनं उघड्या खिडकीत तोंड घातलं, नाकाला पदर लावला आणि सगळा डोंगर तशीच ओकत, कण्हत पार केला. एकदाही तिनं 'बंद करा' म्हटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मुलगी झाली. "आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काका भिंगरीसमोर चक्क कान धरून उभे राहिले. "चुकलो गं बाई! शेंबड्या पोराला जे कळतं, तेवढंच मला कळत होतं!"

मिस्त्रीकडे गाडी नेली तेव्हा तो पुन्हा एसी लावून आत बसला. "बघा, फिरतोय पंखा!" तेवढ्यात शेजारी बसलेला ढब्बू कुडकुडायला लागला. "मिस्त्रीकाका, हुडहुडी भरली हो! ताप आलाय वाटतं!" दात तर असे वाजवले की वकीलला हसू आवरेना. मिस्त्रीनं एसी बंद केला. पंखा थांबला. काटा वर चढत गेला आणि मिस्त्रीचा चेहरा खाली. लाल पट्टी जवळ येताच त्यानं घाईनं इंजिन बंद केलं.

गाडी निवल्यावर त्यानं मुकाट्यानं आत हात घातला. रेडिएटरवरच्या छोट्या बटणाची वायर निखळून मोडक्या टोकासकट बाजूला सुतळीनं बांधून ठेवलेली होती! पाणी तापलं की तेच बटण पंख्याला करंट सोडतं. एसीचा करंट दुसऱ्या वाटेनं येतो.

"रेडिएटर बदलताना मोडलं," मिस्त्री पुटपुटला. "म्हटलं, नंतर बघू."

"आणि दोष मावशीचा?" भिंगरीनं विचारलं. मिस्त्री नवं टोक आणायला वळला. नवं टोक बसवल्यावर तो स्वतः हॉस्पिटलात गेला आणि मावशीची माफी मागून आला.

मावशीला घरी आणायला काकांबरोबर तिघंही गेले. एसी बंद होता. चढ आला तशी मावशी बाळाला घट्ट धरून बसली. काटा निम्म्यावर आला. जरासा वर गेला.

खट्! घर्रर्रर्र!

"फिरला!" मावशी हसता हसता रडायलाच लागली. "अगं भिंगरे, मी बसलेय तरी फिरला गं!"

"पुरावा मान्य!" वकील ओरडला.

"हळू रे, बाळ उठेल!" काका म्हणाले. पण त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि बाळ उठलंच.