वळणाचा जिना

“सोडा ती गुंडी!”

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाबांच्या कोटाची गुंडी लावत होतो. मागून आवाज आला आणि माझे हात थबकले. पांढऱ्या साडीतली एक तरुणी पुढे आली. कपाळावर एक चुकार बट, नजरेत जरब.

“ती त्यांची गुंडी आहे. त्यांना लावू द्या.”

अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू दुबळी झाली होती. काटोलच्या संत्र्यांच्या बागेत दिवसभर उभा राहणारा माणूस... त्यांची बोटे चाचपडत राहिली. अखेर गुंडी काजात शिरली, तेव्हा बाबांनी मान अशी वर केली, जणू अवघी बाग बहरली होती.

ती अरुंधती. लुळ्या हातापायांना व्यायाम देऊन माणसाला पुन्हा उभे करणे, हे तिचे काम. त्या हिवाळ्यात आम्ही काटोलहून सकाळच्या बसने शहरात येत राहिलो. ती बाबांना चालवी — आणि मला दटावी.

“तुमचे हात कुठे आहेत?”

“पाठीमागे...”

“तिथेच असू द्या.” मग हळूच, “बोलायला मात्र मनाई नाही हं.”

तरीही माझे सारे बोलणे परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेरच्या मावळत्या उजेडाशी होई.

संत्री तोडणीला आली. धरमपेठेतल्या तिच्या घरी टोपली द्यायला बाबांनी मला वर पाठवले. स्वतः खाली रिक्षात बसून राहिले. टोपली घेताना तिची बोटे माझ्या बोटांना ओझरती लागली... आणि मी जिना उतरून आलो.

“काय बोलला गा?”

“संत्री गोड आहेत, म्हणालो.”

“बाप्पा! इतकं बोलला?”

बाबा हसले नाहीत. जिन्याकडे टक लावून पाहत राहिले.

पुढच्या खेपेला ते अरुंधतीला म्हणाले, “पोरी, मले जिना चढाले शिकव.”

“कसा आहे जिना?”

“उभा हाय. कठडा उजव्या हाताले. मधात वळण.”

आमच्या घराला जिनाच नव्हता! मी तोंड उघडले.

“तू चूप बैस गा. इतके दिवस बसलाच हायेस.”

तेव्हा मला तो धरमपेठेतला जिना ओळखू आला, आणि मी कानापर्यंत तापलो. तिला मात्र काहीच कळले नाही. “चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा,” ती बजावत राही; बाबा घामाघूम होऊन ते गिरवत राहत.

एका रविवारी बाबांनी स्वतः धोतर नेसले, कोटाच्या साऱ्या गुंड्या लावल्या. आम्ही धरमपेठेत उतरलो.

“बाबा, रीत अशी की मुलीकडच्यांनी आपल्या दारी यावे...”

“रीत मले मालूम हाय. पन तिनं मले पायावर उभं केलं. तिच्या दारी मीच जाईन, अन् कोनाच्या खांद्यावर नाई. तू खालीच थांब.”

वळणावर त्यांचा पाय थरथरला. माझे हात पुढे गेले... मी ते पाठीमागे घट्ट धरले. पाय उचलला गेला.

दार उघडले. “काका! एकटे आलात?” तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर कठड्यावरून वळणाकडे गेली... आणि तिने ओठ दाताखाली धरला.

“माह्या पोट्ट्यासाठी तुले मागाले आलो, पोरी. मनात नसन तर तसं सांग. उतराले बी तूनंच शिकवलं हाय.”

अरुंधतीने कठड्यावरून खाली पाहिले. माझे हात अजून पाठीमागेच होते.

“काका, ही गुंडी तुमची नाही,” ती म्हणाली. “ज्यांची आहे, त्यांना लावू द्या.”

पाठीमागचे हात मी सोडले. आणि खालूनच, माझे मलाच नवल वाटावे इतक्या मोठ्याने, मी विचारले, “अरुंधती... माझ्याशी लग्न कराल?”

“अहो, हळू! ऐकलं सगळ्या धरमपेठेनं,” ती लाजून हसली. “वर या आता... चांगला पाय आधी.”

आणि जिन्याच्या माथ्यावर, कोणाचाही आधार न घेता उभ्या असलेल्या बाबांनी मान वर केली — पहिली गुंडी लागली तेव्हा केली होती, अगदी तशी.