शस्त्रपूजेतली बंदूक

रत्नदीपचा उजवा डोळा गेला तो मोहने गावातल्या घरात, खिडकीपाशी बसून बहिणीची एअर रायफल उघडताना. सिलिंडरचं टोपण सैल झालं आणि दुसऱ्या क्षणी धाडकन तोंडावर आलं.

"दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर होता, ताई," अमृता सांगत होती. "शून्य म्हणजे आत हवाच नाही. एरवी मीच उघडते. त्या दिवशी मी क्लासला गेलेली, म्हणून दादा बसला. आता पोलीस म्हणतात, हवा रोखणारं सील बसवणाऱ्याची चूक. आज संध्याकाळी कुंडलिककाकांना उचलणार. ज्या माणसाने मला पहिली रायफल दिली, तो असं करेल?"

डोंबिवलीच्या शुभदा करंदीकरांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हा सगळे नातेवाईक हसले होते. आता हसत नाहीत. दीर गोपीनाथ मात्र सोबत हिंडतात. डोक्यापेक्षा त्यांचं पोट जास्त चालतं, हा भाग वेगळा.

शुभदाताईंनी रायफलचं गेज फिरवून काढलं. त्याच्या आट्यांत लाल भुकटी होती.

"बापरे, रक्त!" गोपीनाथ मागे सरकले.

"कुंकू आहे, भावजी."

"मग दसऱ्याचं. सगळेच शस्त्रं पूजतात."

"आमच्यात नाही पूजत, काका," अमृता म्हणाली. "दसऱ्याला आम्ही सगळे विहारात होतो. रायफल घरी, कुलपात."

कल्याणला कुंडलिककाका बंदूकदुरुस्तीचं दुकान अर्धं बंद करून बसले होते.

"सगळी सीलं नवी टाकली, बाई. रेग्युलेटर लावून दिला. सिलिंडरात दाब कितीही असो, रेग्युलेटर प्रत्येक गोळीला सारखाच सोडतो. तो नीट, तर नेम नीट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोरगी घेऊन गेली."

"कुंकू लावलंत?"

"मी? मीही त्याच विहारातला. मी फक्त गेजच्या पाठीवर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. माझ्या कामाची खूण. बाटली आमच्या कांताची, त्यावरून रोज बोलणी खातो."

शुभदाताईंनी पर्समधलं गेज उलटं केलं. पाठ कोरी होती.

टिटवाळ्याच्या नेमबाजी रेंजवर अमृताच्या क्लबातला शौनक आधीच तापलेला होता.

"बोला, माझ्यावर डाउट ना? स्टेटला क्लबमधून एकच जाणार, मी नाहीतर अमृता. कपाटाची चावी माझ्याकडे असते, मामाकडे पण असते. दसऱ्यानंतर तिने रायफल एक रात्र इथे ठेवलेली. त्याच संध्याकाळी सगळ्या गोळ्या एका भोकात टाकल्या तिने, एकदम भारी! सकाळी बघतो तर काटा शून्य."

त्याचे मामा, म्हणजे क्लबचे कोच आनंद सर, शांत होते. "सील गेलं, दुसरं काय? मीच तिला म्हणालो, घरी नेऊन उघडून बघ."

बोलता बोलता त्यांनी भिंतीवरच्या काचपेटीला हात जोडले. आत एक जुनी रायफल होती, झेंडूच्या वाळक्या माळेखाली.

"माझ्या गुरुजींची. कधीचीच बंद पडलीय, पण दसऱ्याला पहिलं कुंकू हिलाच. पेटीची चावी माझ्या गळ्यात. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही मी."

"कुंकवाचे थरावर थर चढलेत हो," गोपीनाथ काचेला नाक लावून म्हणाले. "गेज तेवढं कसं लखलखतंय!"

शुभदाताईंनी दिराकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की ते बिचारे घाबरले.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी अमृताला, काकांना आणि पोलिसांनाही रेंजवरच बोलावलं.

"सील गेलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "गेलं असतं तर टोपण उडालंच नसतं, कारण आत हवाच उरली नसती. सिलिंडर भरलेला होता. खोटं बोलला तो काटा. हे गेज अमृताचं नव्हेच. पाठीवर काकांचा ठिपका नाही आणि आट्यांत कुंकू आहे. तिच्या घरी कुंकू नाही, काकांच्या दुकानात नाही. शून्यावर अडकलेलं, कुंकवात मुरलेलं गेज या क्लबात एकाच बंदुकीवर असणार."

सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या.

"त्या रात्री तुम्ही हवा सोडलीत, सर, गेज बदललंत आणि पुन्हा हवा भरलीत. मेलेलं गेज वरून पुसलंत, पण आट्यांतलं कुंकू राहिलं. तरी अमृताचं गेज खाडीत फेकलं असतंत, तर मी हात टेकले असते. पण गुरुजींची बंदूक भोक पडलेली कशी ठेवणार? पूजेतली वस्तू! तुमचं मन धजलं नाही. तिचं गेज तुम्ही तिथे बसवलंत."

सरांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मामा, चावी द्या," शौनक म्हणाला.

पेटी उघडली. काकांनी गेज काढून उलटं केलं. निळा ठिपका होता. काकांना रडू आवरेना.

"रत्नदीपने कशाला हात लावायचा?" सर एकदम ओरडले. "ते तिचं काम होतं!"

अमृताचा हात नकळत स्वतःच्या उजव्या डोळ्यावर गेला.

"तुझ्यासाठीच केलं रे," सर भाच्याला म्हणाले.

"माझ्यासाठी?" शौनकचा आवाज फाटला. "त्या रात्रीआधी महिनाभर गुणांत मीच पुढे होतो, मामा. माझी सगळी टार्गेटं तुमच्या टेबलावर पडलीयेत. एकदा तरी बघायची होतीत!"