असते आणि असेन

सुकेशनी राजेश्रीबाईंच्या कचेरीत आली ती दोन कागद घेऊन. परभणीत खासगी तपास म्हणजे बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा. पोस्टातून निवृत्त झालेले, बाईंना मदत करणारे बन्सीधर यांना वाटलं, हेही तसलंच असणार.

"माझी आई सुलाबाई सेलूला मुलींच्या वसतिगृहात सेविका होती," सुकेशनी म्हणाली. "दोन वर्षांखाली दुपारी तिथं आग लागली. तापानं पडलेली अर्पिता कुलूपबंद खोलीत धुरानं गेली. आई त्या सकाळी दहाच्या गाडीनं चारठाण्याला गेलती, मावशीच्या मातीला. तरी चौकशीत तिलाच दोषी धरलं. अर्पिता आमच्याच वस्तीतली. आता आमच्या उंबऱ्याला कुणी येत नाही."

कागद म्हणजे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या दिल्ली कार्यालयाकडे गेलेले इंग्रजी जबाब. बन्सीधरनी मोठ्यानं वाचले. स्वयंपाकीण पंचफुलाचा: 'इफ द डोअर हॅड बीन ओपन, आय वुड हॅव सेव्ह्ड हर.' दार उघडं असतं, तर तिला वाचवलं असतं. सुलाबाईचा: 'इफ आय वॉज देअर, आय डिड नॉट ओपन द डोअर.'

"मी तिथं असेन, तर दार उघडलं नाही," बन्सीधरनी अर्थ लावला. "ही तर कबुलीच झाली."

"आई म्हणाली होती, मी तिथं असते तर दार उघडलं नसतं का?"

राजेश्रीबाईंनी तो कागद पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई आणि बन्सीधर सेलूला गेले. वसतिगृह सांभाळणारे श्रीराम सर वर्गात इंग्रजी शिकवत होते. एक मुलगी 'इफ आय वॉज अ बर्ड' म्हणाली आणि सर कडाडले, "वॉज नाही, वेअर! जे खरं नाही, तिथं वेअर!"

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "जबाबांचं भाषांतर आमच्या कारकुनाचं. बिचाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे."

कारकून महारुद्रनं खाली बघतच मान डोलावली. "हो, दोन्ही मीच केले."

"त्या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक सुलाबाईकडं, एक सरांकडं."

बाईंनी त्याच्यापुढं चिठ्ठी सरकवली. 'पाऊस आला असता तर मी भिजलो असतो.' "याचं इंग्रजी करा."

बराच वेळ पेन चावून त्यानं लिहिलं, 'इफ रेन कम, आय वेट.'

पंचफुला चुलीपुढून उठली नाही. "अकराला म्या लेकराला पेज दिली. दार उघडंच व्हतं. बारा वाजता धूर दिसला, तवा कुलूप! लय वढलं बाई, निघालं न्हाई."

राजेश्रीबाई सरांच्या खोलीत गेल्या.

"महारुद्रला 'पाऊस आला असता' जमत नाही. मग पंचफुलाचं 'हॅड बीन' त्याचं कसं? दोन्ही जबाब एकाच हाताचे, हे त्यानंच सांगितलं. तो हात तुमचा. ज्याला नियम येतो त्याची चूक एकाच वाक्यात झाली, सर. ती चूक नव्हती."

"त्यानं काय सिद्ध होतं?"

"'असते'चं 'असेन' करायची गरज कुणाला? सुलाबाई तिथं नव्हती हे ठाऊक असलेल्यालाच. अकरानंतर कुलूप लागलं, आणि एक किल्ली तिच्याबरोबर चारठाण्यात होती. दुसरी तुमच्याकडं."

सरांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"दिल्लीचे पाहुणे येणार होते," ते हळू म्हणाले. "आजारी मुलगी त्यांना दिसायला नको होती. कुलूप लावलं आणि स्टेशनवर गेलो." मग त्यांचा आवाज सावरला. "पण हे मी दुसऱ्या कुणापुढं बोलणार नाही. मराठी जबाब ठेवलेलेच नाहीत. व्याकरणावरून फाईल उघडेल?"

बाईंनी दिल्लीला सविस्तर लिहिलं. महिन्यानं दोन ओळी आल्या: प्रकरण बंद आहे. त्याच आठवड्यात सरांची प्राचार्य म्हणून दुसऱ्या शाळेत बढती झाली. महारुद्र फोन उचलेना.

दोघं सुलाबाईकडं गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, अंगावरचं लुगडं तिला मोठं होत होतं. बाईंनी सगळं सांगितलं: वाक्य कुणी फिरवलं, का फिरवलं, कुलूप कुणाचं. बन्सीधरना वाटलं, आता तरी ती रडेल, शिव्या देईल.

"सरानं वाईट केलं," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी बोलल्यासारखा आवाज होता. "पण बाई, मी गेलेच नसते तर लेकरू वाचलं असतं."

सुकेशनीनं तिच्यापुढं पाणी धरलं. तिनं घेतलं नाही. आडवी होऊन भिंतीकडं तोंड केलं.