सुई उतरेपर्यंत

दार ओढून घे मंदार, गारठा आत येतो. अन् श्रेया, हसायचं असंल तर आत्ताच हसून घे, मधे फिसकन हसलीस तर मी उठून जाईन. ही काही ऐकीव गोष्ट नाय. माझा सोबती बन्सी, त्याच्या घरची आहे.

बन्सीचं गाव खुलताबादच्या पुढं, आडबाजूला. थोरला सुदर्शन इथं सिडकोत राहतो, कंपनीत कामाला. त्यानं जुनी कार घेतली त्याचं बन्सीला लई अप्रूप. पोरगा गावाकडून निघाला की म्हातारा बोअरच्या पाण्याची बादली घेऊन हजर! बैलाला जुंपायच्या आधी पाणी पाजतात, तसं हा गाडीला पाजायचा. सुदर्शनला ठाऊक होतं, रेडिएटरात कुलंट घालायचं असतं, बोअरच्या जड पाण्यानं आतल्या नळ्यांत क्षार धरतो. पण बापाच्या हातातल्या बादलीला नको कसं म्हणायचं? माझ्या तोंडून तरी निघालं नसतं.

तर दोन हजार चोवीसचा डिसेंबर. शेवटचा सोमवार, सोमवती अवस. रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा, गोकुळचा फोन आला. "भाऊ, आबाच्या छातीत दुखायलंय. गावात एकबी गाडी नाय. तू ये."

सुदर्शन अंगावरच्या कपड्यानं निघाला. काम सरळ होतं. जायचं, बापाला मागच्या सीटवर निजवायचं, दवाखान्यात आणायचं.

दौलताबादचा घाट चढताना इंजिनाच्या तापाची सुई लाल रेषेला टेकली. एक तर गाडी दामटलेली, त्यात नळ्या चोंदलेल्या. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, अन् चावी तेवढी अर्धी फिरवून ठेवली, म्हणजे सुई दिसत राहील. तर सुई उतरायची सोडून आणखी वर चढली.

काय म्हणालीस? बंद गाडीचा ताप कसा चढंल? अगं, मी जन्मभर एसटी चालवली. पाणी फिरतंय तवर ते गरमी वाहून नेतं. इंजिन बंद केलं की पंप थांबला, पाणी जागच्या जागी उभं. अन् लोखंडातली सगळी धग त्या उभ्या पाण्यात उतरती. चूल विझवली तरी जाड बुडाच्या पातेल्यातलं दूध उतू जातं की नाय? तसं. काही वेळ चढणार, मग आपोआप उतरणार. तेवढा दम धरायचा.

पण बाप तिकडं तळमळतोय म्हटल्यावर दम कुठला! रेडिएटरचं झाकणच उघडावं म्हणून त्यानं दाराला हात घातला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"थांब लेकरा. झाकण उघडू नको. भाजशील."

बन्सीचा आवाज.

मागचं दार उघडलं. लागलं. सीट दबल्याचं सुदर्शनला कळलं.

"आबा! तुमी इथं कसं?"

"आलो."

पोराचा जीव भांड्यात पडला. ज्याला आणायला निघालो तोच येऊन बसला, आणखी काय पाहिजे? "छातीत दुखतंय का अजून?"

"आता नाय. गाडी गार होऊ दे."

"उतार हाय, आबा. गाडी वळवतो अन् न्यूट्रलवर खाली नेतो."

"नको. गार होऊ दे."

सुई वर गेली... थांबली... मग हळूहळू उतरू लागली.

"निघू का?"

"अजून नाय."

गाडीत गारठा भरला. सुदर्शनच्या तोंडाची वाफ काचेवर धरायला लागली. मागच्या काचा स्वच्छ.

"आबा, आता?"

"अजून थोडं..."

सुई पार तळाशी. तरी...

फोन वाजला. गोकुळ. "भाऊ, कुठं हायेस? आबा सारखं तुझंच नाव घ्यायलेत. दाराकडं बघायलेत. लवकर ये!"

सुदर्शननं मागं पाहिलं नाही. मान वळेचना.

मागून...

"गार होऊ दे, लेकरा."

त्यानं चावी फिरवली. पुढं गाडी कशी हाणली, मागची सीट कधी मोकळी झाली, त्याला आजवर आठवत नाही.

घरी पोचला तेव्हा बन्सीला खाली घेतलं होतं. त्याची बायको भागूबाई उशाशी बसलेली. गोकुळ म्हणाला, "आत्ताच गेले, भाऊ. थोडा आधी आला असतास तर..."

ते "थोडा आधी" सुदर्शनच्या उरावर बसलंय. मी लई समजावलं. वेळेत आला असतास तरी दवाखाना गाठला असताच असं कुठं आहे? पण मलाच माझं बोलणं पोकळ वाटतं. त्या पोराचं आता काही व्हायचं नाय.

मातीला मी गेलो होतो. स्मशानातून परतलो तर दिवस मावळलेला. गाडी रात्रीपासून लिंबाखाली उभी, हललेली नाही. टेकावं म्हणून बॉनेटवर हात ठेवला अन् झटक्यात काढला. इंजिन आत्ताच बंद केल्यासारखा चटका.

ती गाडी पुन्हा कुणी चालवली नाही. गिऱ्हाईक येतात, बॉनेटला हात लावतात, हात झटकत निघून जातात. गेल्या रविवारी मी परत गेलो. टायर बसलेत, आत कोळ्यांनी जाळी केलीत, बॅटरी तर केव्हाच काढून टाकलीय. म्हटलं, एवढ्या दिवसांत झाली असंल गार. हात ठेवला...

जरा जवळ या. हा तळवा बघा.