पुन्हा पहिल्यापासून

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण ही थाप नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, तेही भर दुपारी, त्याच्याच दुकानात. आणि मामा थापा मारत नाही. तेवढं डोकंच नाही त्याला!

कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ फाइलींच्या टीव्हीवर लागतील अशा डीव्हीडी करून द्यायच्या, हा त्याचा धंदा. वयस्कर गिऱ्हाइकांना रिमोट जमत नाही, म्हणून त्याने एक युक्ती काढलेली. डिस्क घातली की आपोआप सुरू. संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून.

या युक्तीनेच घात केला.

मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांची एकुलती एक लेक नोकरीच्या गावी निघाली होती. वाटेतच अपघातात गेली. घरातून निघतानाचा व्हिडिओ काकूंनीच काढलेला.

"टीव्हीवर दिसेल असं करून द्या हो, भाऊ. मोबाइलवर फार लहान दिसते ती."

मामाने पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला.

व्हिडिओ एवढासाच. लेक बॅग उचलते, दाराशी वळते, हसते. "आई, येते गं." दार बंद.

काकू डिस्क घेऊन गेल्या. मामा नेहमी एक जादा प्रत काढायचा. ती त्याने दुकानातल्या टीव्हीवर तपासायला लावली आणि कामाला लागला.

दोन-चारदा ठीक चाललं.

मग...

लेक दाराशी वळली, पण हसली नाही.

भास झाला असेल, मामाला वाटलं.

पुढच्या खेपेला तिने बॅग उचलली... आणि खाली ठेवली. दमल्यासारखी.

त्याच्या पुढच्या खेपेला ती दाराला टेकून उभी राहिली. थेट मामाकडे बघत.

"काका... अजून किती वेळा जाऊ?"

मामाने झटकन डिस्क बाहेर काढली. मूळ फाइल उघडली.

खोली होती. दार होतं.

ती नव्हती.

मामा तसाच काकूंकडे धावला. तिथेही टीव्ही चालूच. शिवणयंत्राच्या सुईखाली कापड अर्धवट अडकलेलं. पडद्यावर लेक दाराशी उभी राहून रडत होती. "आई, बास ना गं. पाय दुखतात."

काकू कौतुकाने बघत होत्या. "बघा, कशी हसतेय माझी बाय!"

त्यांना तिचं रडणं दिसत नव्हतं. ऐकूही येत नव्हतं.

"काकू, डिस्कमध्ये थोडी गडबड झालीय," मामा म्हणाला. "द्या, नीट करून आणतो."

"काही गडबड नाही. त्या दिवशी गेली ती आलीच नाही हो. आता जाते आणि लगेच परत येते."

मामाने प्लेअरकडे हात नेला. काकूंनी तो घट्ट धरला.

"नका हो बंद करू, भाऊ! बंद केलं की ती बाहेरच राहते."

पडद्यावर लेकीने हात जोडले. "काका... काढा ना."

काय करणार होता बिचारा? एकीकडे ती, एकीकडे ही. मामाने हात मागे घेतला आणि मान खाली घालून घरी आला. त्यानंतर त्याने एकही डिस्क केली नाही.

परवा मी त्या गल्लीतून गेलो. काकूंच्या खिडकीतून टीव्हीचा आवाज येत होता. दार लागल्याचा. मग काहीतरी जड फरफटत नेल्याचा.

मामाला हे सांगितलं.

"बॅग असेल," म्हणाला. "आता उचलवत नसेल तिला."

त्याला मी एक सांगितलं नाही. त्या आवाजापाठोपाठ काकूंचा आवाज आला होता. अगदी आनंदाने.

"आलीस का गं?"